यंत्र आलं, अक्षर राहिलं

सन १६७० मध्ये सुरतेच्या भीमजी पारेख यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे एक मागणी केली. भीमजी कंपनीचे दलाल होते, पैशाने आणि वजनाने मोठे. त्यांना हवा होता छपाई जाणणारा माणूस. जुने ब्राह्मणी ग्रंथ छापून काढावेत, अशी त्यांची इच्छा होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांची फौज दुसऱ्यांदा सुरतेत शिरली. अशा धामधुमीच्या काळात या शहरातला एक व्यापारी छापखान्याचा विचार करत होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कंपनीने मागणी मान्य केली. १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक वर्षाला पन्नास पौंड पगारावर मुंबईत आला. सोबत छपाईचं यंत्र, खिळे आणि कागद. हिल्सला छापता येत होतं. पण इथल्या लिपीचे खिळे पाडायचे तर अक्षरांचे ठसे कोरणारा कारागीर लागतो, आणि ती विद्या त्याच्याकडे नव्हती. भीमजींनी आपल्या पदरची माणसं लावून ‘बनिया’ अक्षरं कोरून पाहिली. पुढे प्रयत्न विरून गेला. त्या छापखान्यातून निघालेला एकही ग्रंथ आज हाती नाही. अनंत काकबा प्रियोळकरांनी भारतातल्या मुद्रणावर १९५८ साली इंग्रजीत जो ग्रंथ लिहिला, त्यात ही हकिकत कंपनीच्या पत्रव्यवहारासह येते. प्रियोळकर मूळचे गोव्याचे, आणि गोव्यातही तेच घडलं होतं: फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ भाषेने मराठी, पण १६१६ मध्ये ते रोमन अक्षरांत छापलं गेलं. देवनागरीचे खिळेच नव्हते.

मासिकाच्या मांडणीवरचं प्रकरण मी या जुन्या गोष्टीने सुरू करतो, कारण आपल्या पानांचं दुखणं आजही तेच आहे. यंत्र बाहेरून आणता येतं. संगणक आणता येतो, मांडणीचं सॉफ्टवेअर आणता येतं, तयार आराखडेही हवे तेवढे मिळतात. पण ते आराखडे रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेले असतात. त्यात मराठी मजकूर ओतला की दुसऱ्याच्या मापाचा सदरा घातल्यासारखं पान दिसतं: कुठे ताणलेलं, कुठे लोंबणारं. वाचकाला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही. तो दोन परिच्छेद वाचतो आणि अंक बाजूला ठेवतो.

म्हणून या प्रकरणात आपण एक अंक बेतू या, आणि तो सुरतेतच बेतू या. समजा, उधना, लिंबायत, डिंडोली या भागांतल्या मराठी वस्तीसाठी ४८ पानांचं एक मासिक काढायचं आहे. या वस्तीतली कितीतरी घरं जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली. घरात अहिराणी, शाळेत आणि बाजारात गुजराती, वाचायला मराठी. सुरत महानगरपालिकेच्या शिक्षण समितीच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, पण बरीच मुलं गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात जातात. रस्त्यावरच्या पाट्या, बसवरची अक्षरं, दुकानांची नावं सगळी गुजरातीत. म्हणजे इथल्या मराठी वाचकाचा डोळा दिवसभर शिरोरेखा नसलेली लिपी वाचतो आणि घरी येऊन शिरोरेखेची लिपी हातात घेतो. पुण्यातला वाचक ज्या वेगाने मराठी वाचतो, त्या वेगाने हा वाचणार नाही. मांडणी करणाऱ्याने पहिल्यांदा हे ओळखायला हवं. कोण वाचणार आणि कुठे बसून वाचणार, हे ठरल्याशिवाय पानावर रेघ ओढू नये.

आता ओळ. मराठी पानाचा पाया अक्षर नसून ओळ आहे, असं माझं ठाम मत आहे, आणि ती ओळ शिरोरेखेने बांधलेली असते. रोमन अक्षरं तळाच्या अदृश्य रेषेवर उभी राहतात. आपली अक्षरं वरच्या रेषेला टांगलेली असतात. रेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार. रेषेच्या खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. म्हणजे आपल्या प्रत्येक ओळीला तीन मजले आहेत. खिळ्यांच्या काळात जुळाऱ्याला हे हाताने कळत होतं. इंग्रजीच्या हिशोबाने दोन ओळींत जागा सोडली तर वरच्या ओळीतला ‘पू’ खालच्या ओळीतल्या ‘र्की’वर आदळतो आणि पान काळं, कोंदट दिसतं. इंग्रजीत १० पॉइंट अक्षराला १२ पॉइंटची ओळ सहज चालते. मराठीत १२ पॉइंट अक्षराला १८ पॉइंटची ओळ द्यावी, म्हणजे दीडपट. ही उधळपट्टी वाटेल, पण मोकळ्या पट्ट्यांनी वेगळ्या केलेल्या शिरोरेखा डोळ्याला ओळीच्या शेवटापर्यंत हात धरून नेतात आणि पुढच्या ओळीच्या आरंभी बिनचूक आणून सोडतात. सावकाश वाचणाऱ्याला तर याचा फार आधार असतो.

आता हिशोब मांडू. ए-४ आकाराचं पान २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच. शिवणीकडे २० आणि बाहेर १६ मिलिमीटर समास सोडला की मजकुराला १७४ मिलिमीटर उरतात. बहुतेक तयार आराखड्यांत तीन स्तंभ असतात. दोन फटी सहा-सहा मिलिमीटरच्या धरल्या तर एकेक स्तंभ ५४ मिलिमीटरचा होतो. १२ पॉइंट अक्षरात त्यात जेमतेम चार मराठी शब्द मावतात. इंग्रजी शब्द लहान असतात, आणि लांब शब्द ओळीच्या शेवटी संयोगचिन्ह देऊन तोडायची तिथे रीत आहे. आपण विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटवतो. ‘महानगरपालिकेच्या’ हा एक शब्द, ‘कामगारवस्त्यांमधल्या’ हाही एकच. असे दोन शब्द आले की ओळ संपली, तिसरा खाली उतरला, आणि दोन्ही कडा सरळ ठेवायच्या हट्टापायी वरच्या दोघांत मोठं भगदाड पडलं. पाच-सहा ओळींत अशी भगदाडं एकाखाली एक आली की पानातून पांढरा ओहोळ वाहताना दिसतो.

उपाय साधा आहे. दोन स्तंभ करावेत, मधे सहा मिलिमीटरची फट, प्रत्येक स्तंभ ८४ मिलिमीटरचा. ओळीत सहा-सात शब्द बसतात. वर २० आणि खाली २५ मिलिमीटर सोडून १८ पॉइंटच्या हिशोबाने पानावर ३९ ओळी येतात. दोन्ही स्तंभ भरले तर पानाला सुमारे पाचशे शब्द. संपादकाने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. दोन हजार शब्दांचा लेख चित्राशिवाय चार पानं घेतो. तो तीन पानांत कोंबा असं सांगायचं असेल तर मांडणी करणाऱ्याला सांगण्यापेक्षा लेखकाला सांगणं योग्य. आणि उजवी कडा सरळ करण्याचा आग्रह सोडून ती सैल राहू दिली तर शब्दांमधलं अंतर सगळीकडे सारखं राहतं. छापील मराठीत सैल कडा अजून अपुरी, अर्धवट मानतात. माझ्या मते हा सवयीचा प्रश्न आहे, आणि सुरतेसारख्या ठिकाणी नव्याने निघणाऱ्या मासिकाने ही सवय मोडायला हरकत नाही.

समासाबद्दल सुरतेत कुणाला शिकवायची गरजच नाही. रिंगरोडवरच्या कापडबाजारात साडी दाखवणारा आधी घडीचा काठ पुढे करतो, मग अंग उलगडतो, आणि गिऱ्हाइकाचा डोळा थबकला की पदर पसरतो. साडेपाच मीटर कापडावर सगळीकडे सारखीच वेलबुट्टी असती तर नजर कुठेच ठरली नसती. काठ अंगाला धरून ठेवतो, अंगावरची बुट्टी ठरावीक अंतराने येते, आणि कारागिरीचा सगळा भर पदरावर असतो. सुरतेची जरी प्रसिद्ध आहे, पण जरीसुद्धा काठावर आणि पदरावरच शोभते. मासिकाचं पान असंच वाचलं जातं. समास म्हणजे काठ. मजकूर म्हणजे अंग. लेखाचं पहिलं पान म्हणजे पदर. जाहिरात मिळाली म्हणून समासात घुसवली, चौकटीत चौकट टाकली, प्रत्येक मथळ्याला वेगळा रंग दिला, की पदर कुठला आणि अंग कुठलं हे कळेनासं होतं. लेखाच्या पहिल्या पानाचा वरचा तिसरा भाग मोकळा सोडा, त्यात फक्त मथळा आणि लेखकाचं नाव ठेवा, आणि मग आतली पानं शांत राहू द्या. स्मरणिका काढणारी मंडळं नेमकं उलट करतात: शुभेच्छांच्या चौकटी आधी, लेख उरल्या जागेत. खर्च जाहिरातींवर चालतो, हे मला मान्य आहे. तरी सगळ्या जाहिराती एका विभागात घेतल्या तर जाहिरातदाराचंही काही बिघडत नाही आणि लेखालाही श्वास मिळतो.

मथळ्यांबद्दल दोन गोष्टी सांगतोच, कारण चुका सर्वांत जास्त तिथे होतात. इंग्रजीत मथळा उठून दिसावा म्हणून मोठ्या लिपीतली अक्षरं वापरतात आणि ती विरळ करतात. मराठीत मोठी-लहान लिपी नाही, आणि अक्षरं विरळ केली की शिरोरेखा तुटते. ‘सु र त’ असं लिहिलेलं वाचताना मधे दोन ठेचा लागतात. भर द्यायचा तर आकाराने द्या, जाडीने द्या, रंगाने द्या. अक्षरांत फट पाडून देऊ नका. दुसरी गोष्ट परिच्छेदाच्या आरंभी टाकल्या जाणाऱ्या एका मोठ्या अक्षराची. इंग्रजी पानावर ते छान दिसतं. आपल्याकडे ‘किनारा’ शब्दातली ‘कि’ एकटी मोठी केली की ती शब्दापासून आणि शिरोरेखेपासून तुटून पडते. त्यापेक्षा पहिले चार-पाच शब्द ठळक करावेत. काम तेच होतं आणि लिपीचा अपमान होत नाही.

अक्षरवळण निवडताना आणखी बारकाईने पाहावं लागतं. मराठीचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे आहेत. आपला ‘अ’, ‘झ’, ‘ण’ मुंबई वळणाचे. युनिकोडच्या कित्येक फॉन्टमध्ये आधी हिंदी वळण येतं. सॉफ्टवेअरमध्ये भाषा ‘मराठी’ अशी निवडली तरच आपलं वळण उमटतं, आणि तेही फॉन्टमध्ये तशी सोय असेल तर. मग ‘दऱ्या’ आणि ‘वाऱ्या’ हे शब्द लिहून पाहा. यातला डोळ्याच्या पापणीसारखा ‘र’ नीट आला नाही तर तो फॉन्ट मराठीसाठी नाही, मग तो कितीही देखणा असो. इनडिझाइनमध्ये काम करत असाल तर ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ सुरू केल्याशिवाय मजकूर आत घेऊ नका, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाऊन बसेल. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेला मजकूर तर पुन्हा डोळ्याखालून घालायलाच हवा. रफार आणि जोडाक्षरं तिथे हटकून बिघडतात.

भीमजींना जे हवं होतं ते आज फुकट मिळतं, ही मला मोठी आनंदाची गोष्ट वाटते. मधल्या काळात त्यासाठी पिढ्या खपल्या आहेत. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या खिळ्यांनी त्याच्या पुस्तकांना रूप दिलं. महाराष्ट्राच्या शासकीय मुद्रणाचं काम पाहिलेल्या बापूराव नाईकांनी देवनागरी मुद्राक्षरांचा तीन खंडांचा अभ्यास केला, तो १९७१ मध्ये राज्याच्या भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केला. र. कृ. जोशींनी रेखलेला ‘मंगल’ मायक्रोसॉफ्टच्या विंडोजबरोबर घरोघरी पोचला. आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने ‘मुक्ता’ हे कुटुंब काढलं, त्यात देवनागरीसाठी ‘मुक्ता’ आणि गुजरातीसाठी ‘मुक्ता वाणी’. दोन्ही एकाच हाताचे, एकाच जाडीचे, विनामूल्य. सुरतेच्या मराठी मासिकाला याहून सोयीचं काय हवं? पान-दोन पानं गुजरातीत द्यायची, मुलांसाठी शब्दार्थ शेजारी छापायचे, तर दोन्ही लिप्या एकमेकींना परक्या वाटत नाहीत. फक्त त्या शेजारी ठेवताना गुजराती अक्षरांचा माथा आपल्या शिरोरेखेच्या पातळीत येतो ना, ते मोठं करून पाहावं.

दोन भाषा शेजारी ठेवणं आपल्याला नवं नाही. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघालं तेव्हा एका स्तंभात इंग्रजी आणि दुसऱ्यात मराठी मजकूर होता. मराठी पत्रकारितेचं पहिलं पानच मांडणीचा प्रश्न सोडवून जन्माला आलं, असं म्हणता येईल.

चित्रांचा विचार करताना दोन शेजारी भाषांच्या मासिकांचं देणंघेणं विसरून चालणार नाही. हाजी महंमद अल्लारखिया शिवजी यांनी १९१६ मध्ये मुंबईहून ‘वीसमी सदी’ हे सचित्र गुजराती मासिक काढलं आणि त्यापायी आपली पुंजी घातली. त्यात कोल्हापूरच्या म. वि. धुरंधरांची चित्रं असत. त्याच मासिकासाठी चित्रं काढणाऱ्या रविशंकर रावळांनी १९२४ मध्ये अहमदाबादहून ‘कुमार’ सुरू केलं. इकडे किर्लोस्करवाडीत १९२० मध्ये कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून निघालेलं ‘किर्लोस्कर खबर’ शंकरराव किर्लोस्करांच्या हाती पूर्ण मासिक बनलं. शंकरराव स्वतः चित्रकार होते, आणि चित्र मजकुराचा भाग असतं हे त्यांना सांगावं लागलं नाही. पुढे दीनानाथ दलालांनी १९४५ पासून ‘दीपावली’ रंगांनी उजळून टाकली, तर बाळ ठाकुरांनी ‘सत्यकथे’त काळ्या रेषेवरच काम भागवलं. दोन्ही वाटा खऱ्या. पैसे कमी असतील तर मी डोळे झाकून ठाकुरांची वाट सांगेन. चार रंगांत छापलेल्या दहा मध्यम छायाचित्रांपेक्षा एक चांगलं रेखाचित्र वाचकाच्या लक्षात राहतं. आणि चित्र छापायचं तर मोठं छापा. टपाल तिकिटाएवढे सहा फोटो एका पानावर लावण्यापेक्षा त्यातला एक निवडून अर्धं पान द्या. उरलेले पाच गाळताना ज्यांचे चेहरे जातात ती माणसं नाराज होतात. पण पुढच्या अंकात तेच त्या मोठ्या फोटोबद्दल बोलतात.

छपाईचं थोडक्यात. ४८ पानं म्हणजे सोळा-सोळा पानांचे तीन फॉर्म, त्यामुळे कागद वाया जात नाही. मध्ये पिन मारलेल्या अंकात आतली पानं बाहेर सरकतात आणि कापताना त्यांचा बाहेरचा समास कमी होतो, म्हणून मधल्या पानांवर कडेला काही ठेवू नये. कडेपर्यंत जाणारं चित्र सगळ्या बाजूंनी तीन मिलिमीटर जास्त द्यावं. छायाचित्रं छापण्याच्या आकारात ३०० डीपीआयची हवीत. मोबाइलवर फिरून आलेली चालत नाहीत. एक गोष्ट सुरतेतल्या माणसाला लगेच पटेल. साडीवर स्क्रीनने छापताना प्रत्येक रंगाची जाळी वेगळी असते, आणि एखादी केसभर सरकली की फुलाच्या कडेला पांढरी रेघ दिसते. कागदावरही तेच घडतं. चार रंग मिसळून केलेल्या तपकिरी रंगात बारीक मराठी मजकूर छापला आणि एक रंग सरकला, की वेलांट्या आणि अनुस्वार धुरकट होतात. ‘किती’ आणि ‘कीर्ती’ यांतला फरक एका रफाराचा आणि एका वेलांटीचा. म्हणून मजकूर शुद्ध काळ्या रंगातच छापावा. काळ्या पानावर पांढरी बारीक अक्षरं तर नकोतच. शाई पसरते आणि वरचे मजले बुजून जातात.

मुखपृष्ठ शेवटी करा. अंकातला सर्वांत जिवंत विषय कोणता हे पानं लागल्यावरच कळतं. त्यावर एक चित्र, अंकाचं नाव, महिना आणि फार तर दोन ओळी असाव्यात. नाव वळणदार लिहायचं असेल तर चांगल्या अक्षरकाराकडून एकदाच लिहून घ्या आणि मग ते वर्षानुवर्षं बदलू नका.

एवढं झालं की छापायला टाकण्याआधी एक काम राहतं. पडद्यावर पान नेहमी सुंदर दिसतं, कारण मागून उजेड येतो आणि हवं तेवढं मोठं करता येतं. म्हणून पहिली चार पानं खऱ्या आकारात साध्या कागदावर काढा. मग ती घरातल्या सत्तरीच्या माणसाला आणि गुजराती शाळेत जाणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीला, रात्रीच्या दिव्याखाली, मोठ्याने वाचायला द्या. दोघंही जिथे अडखळतील तिथे खूण करा, आणि वाचणाऱ्यांना दोष न देता पान बदला.